साडेतीन किलोंचा फरक

हिंमतरावांनी जुनं चाक वजनकाट्याच्या आकड्याला लटकवलं आणि सुई थरथरायची थांबेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले.

"बारा किलो," ते म्हणाले. "आता नवीन."

नवीन चाक साडेआठ भरलं. ॲल्युमिनियमची रिम, वर पातळ जातीचा टायर. चेन्नईहून यायला महिना लागला होता. दत्तप्रसादने दोन्ही आकडे मोबाइलमध्ये टिपून घेतले. काटा शेजारच्या भंगारवाल्याकडून मागून आणलेला. बिबवेवाडीतल्या त्या गॅरेजात आजवर कोणी चाकाचं वजन करायला सांगितलं नव्हतं, पण या गिऱ्हाइकाची तऱ्हा हिंमतरावांच्या चांगली अंगवळणी पडली होती.

"साहेब, आम्ही चाक गोल आहे का तेवढंच बघतो. तुम्ही तर कुंडली मांडता."

दत्तप्रसाद हसला. स्टुलावर बसलेल्या नम्रताला हसू आलं नाही. नवऱ्याच्या अंगात आजही टी-शर्टच होता. दोन महिन्यांत त्याने बटणांचा एकही शर्ट घातला नव्हता, आणि का घातला नाही हे तिने विचारलं नव्हतं.

चार जाडजूड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली ती एटीव्ही त्याने अमेरिकेतून परतल्यावर मोठ्या हौसेने घेतली होती. रस्त्यावर तिला परवानगी नाही, त्यामुळे ती कात्रजच्या पलीकडे एका मित्राच्या डोंगराळ जमिनीवर असायची आणि दर रविवारी दत्तप्रसाद तिच्यावर धूळ खाऊन, लहान मुलासारखा खूश होऊन घरी यायचा. दिवाळीनंतर एका रविवारी तो आला आणि म्हणाला, हँडल जड लागतंय.

अठरा वर्षं तो सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करत होता. काही बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा तपासायचं, नाही सुटलं तर ती शक्यता खोडून पुढची घ्यायची. घरातला पाण्याचा पंपसुद्धा त्याने असाच दुरुस्त केला होता, आणि नम्रताला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं. गाडीच्या बाबतीत आधी सगळ्या सांध्यांना ग्रीस झालं. मग बेअरिंग बदललं. मग हँडल रुंद केलं. अंगठ्याने दाबायच्या ॲक्सिलरेटरची स्प्रिंग मऊ करून घेतली. दरवेळी टेम्पोत घालून गाडी बिबवेवाडीला यायची, दरवेळी यादीतली एक ओळ खोडली जायची. आता पुढची दोन चाकं तेवढी राहिली होती. यादी संपल्यावर काय उरणार हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्याच्या वडिलांचं, रंगरावांचं, असंच सुरू झालं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना पाण्याचा तांब्या जड लागायला लागला. पितळेचा जाऊन स्टीलचा आला, स्टीलचा जाऊन प्लॅस्टिकचा आला. नम्रता लग्न होऊन घरात आली तेव्हा त्यांना कपही उचलवत नव्हता. पुढची चार वर्षं तिने त्यांच्या ओठांना चहा लावला. नसांचा आजार आहे, मुलांमध्येही उतरू शकतो, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. दत्तप्रसाद आता त्रेचाळीसचा होता. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांकडे नसांच्या तपासणीची वेळ तिने तीनदा घेतली, त्याने तीनदा रद्द केली.

"चाकं बदलू दे," शेवटी तो म्हणाला होता. "तरी जड लागलं तर मी स्वतः येतो. प्रॉमिस."

त्या एका शब्दावर तिने हा महिना काढला होता.

चाकं चढली, नट आवळून झाले. गॅरेजमागे मोकळा प्लॉट होता. दत्तप्रसादने गाडी तिकडे नेली आणि दोन फेऱ्या मारल्या. पहिल्याच वळणावर नम्रताला दिसलं की तो हँडल हातांनी फिरवत नाहीये. सगळं अंग एका बाजूला टाकून तो गाडी ओढत होता.

"काय साहेब? मक्खन ना?"

"जडच आहे अजून." इंजिन बंद करून त्याने अंगठा चोळला.

हिंमतरावांनी गाडी घेतली, एक गोल फेरी मारली आणि परत आणून लावली. "याला जड म्हणता?"

"तुमचा हात मेकॅनिकचा. त्यावरून काही ठरत नाही." मग तो बायकोकडे वळला. "नमू, तू बसून बघ."

ती बसली. हिंमतरावांनी मागून गाडी हळूहळू ढकलली. तिने हँडल डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. ते इतकं सहज फिरलं की तिला रडू आवरेना. आता खरं सांगायचं, एवढंच तर करायचं होतं. हलकं आहे रे, चल डॉक्टरकडे. हे वाक्य तिने घरी भांडी विसळताना, ऑफिसच्या बसमध्ये, कितीदा तरी मनातल्या मनात म्हणून ठेवलं होतं. तिने वर पाहिलं. तो समोर उभा होता. निकालाच्या दिवशी यादीत आपलं नाव शोधणाऱ्याचा चेहरा असतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"जडच आहे रे," ती म्हणाली. "मलासुद्धा जातंय जड."

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हता.

"पर्स उजव्या हातात आहे तुझ्या," तो म्हणाला. "नुसत्या डाव्या हाताने फिरवलंस तू."

नम्रताने हातातल्या पर्सकडे पाहिलं. ती खाली ठेवावी की नाही, तेही तिला सुचेना.

हिंमतराव जुनी चाकं भिंतीकडे लोटत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. "साहेब, ही शेजारी भंगारात देऊन टाकू का?"

"नको. परत चढवा."

"काय?"

"जुनी परत चढवा. ती होती तीच बरी होती."

"अहो, महिना थांबलात या नवीन चाकांसाठी! साडेतीन किलोंचा फरक आहे एका चाकामागे, तुम्हीच लिहून घेतलाय."

दत्तप्रसाद पाठ करून प्लॉटच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. हिंमतराव नम्रताकडे पाहू लागले. दोघांत शहाणी हीच, असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत होतं. आता ती नवऱ्याला समजावेल म्हणून ते पाना हातात धरून थांबले.

प्रॉमिस केलंयस तू, असं तिला ओरडून म्हणता आलं असतं. जुनी चाकं चढली की यादीतली शेवटची ओळ पुन्हा न खोडलेलीच राहणार होती. ती गाडीवरून उतरली, साडीची धूळ झटकली.

"चढवा भाऊ," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."