शेडमधला नळ

वरच्या जबड्यात अकरा दात, खालच्यात तेरा. एकूण चोवीस. प्रत्येक दाताभोवती मोजायच्या सहा जागा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. मी बारीक सळईने हिरडीची खोली मोजत होते आणि आकडे मोठ्याने म्हणत होते. सहायिका ते टिपत होती.

"चार, सहा, पाच. रक्त. पाच, सात, सहा. रक्त."

सळई बाहेर काढताच शिझुनो एगुची म्हणाल्या, "लॉटरीचे नंबर काढतेस काय गं पोरी?"

"लागली तर निम्मे माझे," मी म्हटलं.

भिंतीजवळ बसलेली त्यांची सून कानाए हसली नाही. सासूला गाडीतून तीच घेऊन आली होती. शिझुनो एकाहत्तर वर्षांच्या. जपानच्या दक्षिणेला, आरिआके समुद्राच्या काठावर त्यांची नोरीची, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळाची, शेती होती. हेपॅटायटिस सी त्यांना तरुणपणीच झाला होता; त्या काळी गावात एकाच सुईने ओळीने सगळ्यांना टोचत. गेल्या हिवाळ्यात गोळ्यांनी विषाणू गेला. पण यकृत घट्ट झालं होतं, आणि त्याची सूज उतरत नव्हती. म्हणून यकृताच्या डॉक्टरांनी त्यांना आमच्या दंतविभागात पाठवलं होतं.

एकशे चव्वेचाळीसपैकी सत्त्याण्णव जागांतून रक्त आलं.

"दातांच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी गेला होतात?"

"मुलगा शाळेत होता तेव्हा. यकृताचं खरं सांगितलं, तर म्हणाले, इथे नको. परत कशाला जाऊ?"

मी त्यांच्या हातात आरसा आणि ब्रश दिला. "घरी घासता तसंच घासून दाखवा."

त्यांनी ब्रश पुढच्या चार दातांवरून फिरवला, धूळ झटकावी तसा. हिरडीला तो लागलासुद्धा नाही.

"एवढंच?"

"जोरात घासलं की रक्त येतं ना."

"येऊ दे की."

"घरात लेकरं आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "आधी मुलगा होता, आता नात आहे. बेसिन एकच."

कानाए उठून खुर्चीजवळ आली. "आई, म्हणून तुम्ही नोरीच्या शेडमधल्या नळावर जाता? एवढ्या थंडीत?"

"मग काय करू?"

"अकरा वर्षं मला वाटतंय, तुम्हाला माझं बेसिन घाण वाटतं! माझ्या आईला सांगून रडलेय मी."

"तुझं बेसिन?" शिझुनो म्हणाल्या. "अगं, इतकं लख्ख बेसिन, म्हणून तर नको वाटायचं."

मी हिरडीचं चित्र पुढे केलं. ब्रश पोचत नाही तिथे जिवाणू साठतात, त्यांनी हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शानेही रक्ताळते. त्याच वाटेने जिवाणू रक्तात शिरतात. ते गाळायचं काम यकृताचं, आणि तुमचं यकृत आधीच थकलेलं आहे.

"म्हणजे रक्त येऊ नये म्हणून मी घासलं नाही, आणि घासलं नाही म्हणून रक्त आलं."

"हो."

"आणि आता घासलं तर यकृत बरं होईल?"

"तसं मी म्हणणार नाही. त्याच्यावरचा एक भार कमी होईल. आणि तुमच्या रक्तात विषाणू आता सापडत नाही, एगुचीसान. ब्रश जिचा तिचा वेगळा, बेसिन सगळ्यांचं."

"किती दिवस येईल रक्त?"

"सुरुवातीला भरपूर. दोनतीन आठवड्यांत कमी होऊ लागेल."

त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "कसा धरायचा, ते नीट दाखव."

चार दात मात्र वाचण्यासारखे नव्हते. यकृतामुळे त्यांचं रक्त लवकर गोठत नसे, म्हणून दोनदोन करून, रुग्णालयात दाखल करून घेऊनच काढले. वरचे दोन, खालचे दोन. त्यांनी ते कागदात बांधून घरी नेले.

पुढच्या खेपेला कानाए तक्रारच घेऊन आली. "घासतात, पण नंतर बेसिनला तीनदा ब्लीच लावतात. मी बाटली लपवली, तर यांनी शेडमधून दुसरी आणली."

"सवय आहे," शिझुनो म्हणाल्या. "जाईल."

"आणि दात?" मी विचारलं.

"नातीनं रिवाजाप्रमाणे खालचे छपरावर फेकले, वरचे ओट्याखाली टाकले. म्हणते, आजी, आता नवे येतील." तोंड झाकून त्या हसल्या. "तिचे आले, म्हणून तिला खात्री आहे."

त्यानंतरच्या खेपेला मी विचारलं, "ब्लीच?"

"एकदाच लावतात आता," कानाए म्हणाली. "आणि तेही माझी मुलगी शाळेत गेल्यावर. दोघी शेजारी उभ्या राहून घासतात. आरशात मावत नाहीत."

पाच महिन्यांनी मी पुन्हा मोजलं. शिझुनोंनी स्वतःहून तोंड उघडलं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. वर नऊ दात, खाली अकरा. एकूण वीस, जागा एकशे वीस.

रक्त आलेल्या जागा, आठ.