घरे खाली करावीत

आता मला जोडाक्षरं येतात. तेव्हा येत नव्हती. जोडाक्षरं शिकवायच्या आधीच माझी शाळा सुटली. तरी एके काळी वाडीत कागद वाचणारी मी एकटीच. पुढं पोरंबाळं शिकली, पण कागद आधी माझ्या ओट्यावर यायचा. मान होता तो. अडलेला शब्द मी गाळायची नि पुढं जायची. कुणाला कळायचं नाही.

आषाढात पाच दिवस पाऊस उघडला नव्हता. मालोजी कोतवाल खालापुराहून नोटीस घेऊन डोंगर चढून आला. मोतीबाई, चिंधी, आबाजी, सगळी ओट्यावर जमली. मी चष्मा लावला. कागदावर होतं, "भूस्खलनप्रवण क्षेत्र असल्याने ग्रामस्थांनी तात्पुरते स्थलांतर म्हणून घरे खाली करावीत." हे आज लिहितेय. तेव्हा मोठ्यानं वाचलं ते एवढंच: "घरे खाली करावीत."

"बघा रं," मी म्हटलं, "फारमहाऊसवाल्यांना आता आपले उंबरठे पण पायजेत."

"अंबाकाकी, तसं नाय ते—"

"तू गप रं मालोजी. तुझ्या बापाचा शेंबूड पुसलाय मी."

"अंबाबाई म्हणते म्हंजे तसंच," आबाजी म्हणाला.

माझ्या मुलानं, धाऊनं, मालोजीची छत्री मोडली आणि त्याला पायवाटेपर्यंत हाकलला. मी हसले.

धाऊची मुलगी अक्षदा खालच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी तिनं कागद मागून घेतला.

"आजी, तात्पुरते म्हंजे चार दिवस. दरड येईल म्हणतायत. झऱ्याचं पाणी बघ, लाल झालंय. मी पोरांना हेच शिकवते."

"पोरांना शिकव. माझ्या घरात कागद मी वाचते गं."

"मग हा शब्द वाच."

तिचं बोट 'स्थलांतर'वर होतं. मी तोंड फिरवलं. धाऊ माझ्याकडं बघत होता.

"कुठं जायचं नाय," मी म्हटलं.

"आई म्हणते ना, नाय जायचं," धाऊ म्हणाला.

अक्षदा शाळेतली चौदा पोरं तेवढी घेऊन उतरली. आईबापांना म्हणाली, पावसाचं रोज चढउतर नको, शाळेतच राहतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला झापायला खाली गेले. शाळेच्या दारात उभी राहून तोंड सोडलं. वाडीत माझं नाक कापलंस, आणि काय काय. मधेच आवाज झाला, टेंपोतून खडी ओततात तसा. मी बोलायची थांबले नाही. पोरं माझ्या डोक्यावरून वर बघायला लागली तेव्हा थांबले.

वर वाडी नव्हती. लाल माती होती.

आठव्या दिवशी शाळेच्या भिंतीवर यादी लागली. मालोजीनंच चिकटवली. छत्री नवी होती त्याची.

"वाचू का, आजी?" अक्षदानं विचारलं.

"नको."

मी चष्मा लावला. आबाजी. मोतीबाई. चिंधी. धाऊ. एकाही नावात जोडाक्षर नव्हतं. सगळी मला वाचता आली.