माझीच वायर लाव

बोटाएवढी जाड, चंदेरी, आत तीन काटे... रत्नमालाने ती पिन तळहातावर घेऊन वजन पाहिलं. आकाशने ही केबल सिल्लोडच्या कार्यक्रमाहून येताना आणली होती, न विचारता. आणि न विचारताच तिच्या ॲम्प्लिफायरची वायर काढून टेबलावर टाकली होती. तिने स्वतः बनवलेली, स्वतः सोल्डरचा डाग दिलेली वायर! पडलीय बघा कशी, चिंधीसारखी.

बॅलन्स्ड आहे मम्मी, घरघर राहत नाही, असं तो सांगत होता. मंडपांना साउंड पुरवतो ना, सगळं कळतं त्याला... अरे, एकच आवाज दोन तारांतून न्यायचा, एकीतून सुलटा, एकीतून उलटा, आणि वाटेत शिरलेली घरघर शेवटी छाटायची — हे मला शिकवतोस? बावीस वर्षं वाळूजच्या कंपनीत वायरी जोडल्या मी. स्टेजपासून शंभर फूट न्यायचं तर लागतं ते. इथं सीडी प्लेअर दोन हातांवर. साधी वायर पुष्कळ झाली. घरघर आहेच कुठं?

आहेच कुठं... की आपल्यालाच येत नाही ऐकू? बारीक आवाज गेलेत तुमचे, बाई, कंपनीतल्या प्रेस मशीनशेजारी बसून बसून, असं डॉक्टर म्हणाले त्याला दोन महिने झाले. घरात तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं की संपलंच. मग स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी घेतलेल्या या एकुलत्या एका वस्तूवरही दुसऱ्यांचाच शब्द.

शेवटी आकाशने तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तो दोन्ही वायरी आलटून पालटून लावणार, तिने ओळखायचं. बासरी लागली. थांबली. पुन्हा लागली. जीव कानात आणून ती ऐकत राहिली आणि दोन्ही वेळा तीच बासरी, तसूभर फरक नाही. पहिली म्हणून ठोकून द्यावं का? सुपरवायझर डोक्यावर उभा असतानाही कधी अंदाजाने 'ओके' लिहिलं नाही आणि आता पोटच्या पोरासमोर लिहू? तिला संताप आला. त्याचा, डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त या दोन महिन्यांच्या लपवालपवीचा.

"सांग ना, कोणती भारी?"

"मला फरक कळत नाय," ती म्हणाली. "कान गेलेत माझे थोडे. कंपनीत गेले. माझीच वायर लाव."

"अगं, पण कळतच नाय तर..."

"ऐकणार मी आहे, आकाश."

 मग मागे खुडबुड झाली. ती उठली, तिच्या वायरीच्या पिना घट्ट बसल्यात का ते हाताने चाचपलं आणि आवाज चांगला वाढवला. बासरीच्या वरच्या सुरांत काहीतरी असेल, असेलच, तिच्यापर्यंत न पोचणारं. दोन महिने ती तेच शोधत ऐकत आली होती, धास्तावून. आज जे येत होतं तेवढंच ऐकलं. ते पुरेसं होतं... का नसावं? पुरेसं होतं.