ज्या दिवशी मी सासूच्या कड्यात शिरलो

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. नाव परके वाटले तरी घाबरू नका, काम अगदी सोपे आहे. मी वीतभर लांबीचा पोलादी दांडा. माझे एक टोक किंचित बारीक, दुसरे किंचित जाड. कारखान्यात धातूच्या तुकड्याला भोक पाडले, की माझे बारीक टोक त्यात गेलेच पाहिजे आणि जाड टोक जाता कामा नये. दोन्ही जमले तर माल पास, नाहीतर भंगारात. "एवढं घ्या चालवून" हे बोलणे मला आयुष्यात कधी पटले नाही. आणि तरीही माझ्यामुळे एक आगीचा बंब भर आगीत बंद करावा लागला. ही हकिकत तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

आमचा कारखाना समुद्रापासून नऊ तासांच्या वाटेवर, रेल्वेचा फाटा जिथे संपतो त्या गावात आहे. पत्र्याचे छप्पर, धातू कातायचे चौदा लेथ आणि चौतीस माणसे. तिथे पंपाचे बुश बनतात. बुश म्हणजे पितळेचे आखूड, जाड नळकांडे. पंपाचा दांडा त्याच्या आत फिरतो. हे बुश बंदराच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीकडे जात आणि ती कंपनी आगीच्या बंबांचे पंप जोडत असे.

मला घडवले टूलरूमच्या, म्हणजे हत्यारे बनवण्याच्या खोलीतल्या आजोबांनी. त्यांनी मला कातले, भट्टीत लाल केले, तेलात बुडवले आणि मग चक्क दोन महिने खणात ठेवून दिले. मालक रोज विचारायचे, "झाला का गेज?" आजोबा म्हणायचे, "पोलाद अजून रागात आहे. शांत होऊ द्या." मग चार दिवस त्यांनी मला हाताने घासून घासून मापात आणले. त्या चार दिवसांत ते माझ्याशी जितके बोलले तितके घरी सुनेशीही बोलले नसतील.

मी तयार झालो तेव्हा आजोबांनी आणखी एक वस्तू केली. एक पोलादी कडे. ते माझ्यापेक्षा केसाहूनही कमी फरकाने लहान होते, म्हणजे माझे बारीक टोक त्यात जायला नको. मी वापरून वापरून झिजलो, की एक दिवस त्यात शिरणार. "ज्या दिवशी हा यात शिरला," आजोबा म्हणाले, "त्या दिवशी याची नोकरी संपली. दर शनिवारी लावून बघायचं. विसरायचं नाही." रोज दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माझी चूक काढणारे हे कडे, म्हणून कामगारांनी त्याचे नाव ठेवले सासू. शनिवार आला की सगळे मला चिडवत, "चल बाबा, सासूबाई वाट बघतायत."

मी ज्यांच्या हातात असायचो त्या तपासणीच्या मावशी. वयाने मालकांहून मोठ्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणतो आणि त्यांच्यासमोर माल टाकताना जरा दबून असतो. दिवसाला चारशे बुश त्या माझ्याकडून तपासून घेत. एकदा मोठ्या कंपनीचे खरेदी साहेब कारखाना बघायला आले. चौदा जुन्या लेथकडे बघून त्यांनी सरळच विचारले, "बंदराजवळ मला असे कारखाने रांगेने मिळतात. मशिनी नव्या, रस्ता तासाभराचा. त्यांचा माल परत येतो, तुमचा नऊ वर्षांत आला नाही. हे जमतं कसं?"

मालक भिडस्त, ते नुसतेच हसले. मावशी म्हणाल्या, "त्यांच्याकडे माणूस सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. आमचे जातील कुठे? इथे ज्याने वाईट बुश कातला, त्याला संध्याकाळी किराणा दुकानात आम्हीच भेटतो. त्याची बायको भेटते. त्याला तोंड दाखवावं लागतं." साहेब हसले. मग मावशींनी त्यांना बुशच्या कडेवरचा बारीक ठसा दाखवला. प्रत्येक कामगाराचा ठसा वेगळा. तक्रार आलीच, तर ज्याचा ठसा तोच माणूस नवा बुश पिशवीत घालून स्वतः जाणार, चूक बघणार आणि दुरुस्त करून येणार. "ज्याचा ठसा, त्याचा प्रवास," मावशी म्हणाल्या. "प्रवास कुणालाच नको असतो." साहेबांनी ते वहीत लिहून घेतले. मी मावशींच्या मुठीत होतो आणि मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार चढले होते.

मग आजोबा गेले. त्यांच्या जाण्याने सगळेच हळवे झाले होते. पहिला शनिवार दुखवट्यात गेला. पुढचा मोठ्या ऑर्डरच्या गडबडीत. तिसऱ्या शनिवारी कुणीतरी सासूचा खण उघडायला गेले, तर मालकच म्हणाले, "आजोबांच्या हातचा गेज आहे तो. त्याच्यावर संशय घ्यायचा?" संशय घेणे कुणालाच बरे वाटले नाही. खण बंद झाला. त्यानंतर रोज सकाळी येणारा जाणारा मला कपाळाला लावू लागला, पण सासूकडे कुणी नेईना. मला तेव्हा वाटायचे, काय हा मान! आता वाटते, त्यापेक्षा कुणी एकाने माझे माप घेतले असते तर बरे झाले असते.

आठ महिने गेले. एका मंगळवारी सकाळी मावशी थांबल्या. त्यांनी एका बुशमध्ये मला घातले, काढले, पुन्हा घातले. "हाताला लागत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पूर्वी मी भोकात जाताना बोटांना एक बारीकसा अडसर जाणवायचा. तो आता नव्हता. त्या उठल्या, खण उघडला आणि धूळ पुसून सासूला बाहेर काढले. मी मनातल्या मनात म्हणालो, जाऊ नकोस आत, काही झाले तरी जाऊ नकोस. मी आत गेलो. सहज गेलो.

म्हणजे मी बारीक झालो होतो, आणि माझ्यासारखेच बारीक भोक असलेले बुश मी पास करत होतो. असा बुश थंड असताना बरा चालतो. पंप तापला, की आतला दांडा फुगतो, बुशला घट्ट धरतो आणि पंप जागच्या जागी थांबतो.

प्रत्येक खेपेतला एक बुश आमच्याकडे फळीवर ठेवलेला असतो. मावशींनी डायल, म्हणजे काट्याचे मापयंत्र लावून सगळे मोजले. जुन्या खेपा ठीक होत्या. शेवटच्या दोन खेपांत घोळ होता. दोन्हींवर तीन टिंबांचा ठसा होता, म्हणजे पैलवानाचा. हा पैलवान इतका काटकुळा आहे, की त्याचे नाव ठेवणाऱ्याची मला कमाल वाटते. तो फळीसमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

ऑफिसात चौघे जमले. मालक, मालकांचे मेहुणे, मावशी आणि पैलवान. मी टेबलावर.

"गप्प बसलो तर?" मेहुणे म्हणाले. "सगळेच थोडे अडकणार आहेत? ते साहेब बंदराजवळचा कारखाना शोधतच आहेत. आपण होऊन सांगायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. चौतीस घरं आहेत, भाऊजी."

बाहेर लेथ चालू होते.

"पंप कशाला लागतो?" मावशींनी विचारले. "आगीला. तो तापतो कुठे? आगीपाशी. तिथे अडकला तर पाइप धरून उभा राहिलेला माणूसही कुणाच्या तरी घरचाच आहे."

मालकांनी फोन उचलला. पलीकडे खरेदी साहेबांनी नोंदी काढून सांगितले. त्या बुशचे एकोणीस पंप जोडले गेले होते. अठरा अजून त्यांच्याच आवारात होते. एक आठ दिवसांपूर्वी गेला होता, आमच्या वाटेवरच्या, पाच तासांवरच्या गावात. त्या ठाण्यात बंब एकच होता. मालकांनी तिथे फोन लावून पाहिला, तो लागला नाही.

मालक कारखान्यात थांबले, खेपेचा उरलेला माल अडवायला. पैलवान आणि मावशी जीप घेऊन निघाले. पिशवीत डायलवर मोजलेले चार चांगले बुश आणि मी. वाटेत पैलवान एकदाच बोलला, "मावशी, मी बरोबर कातला होता हो. गेजनेच पास केला." मावशी म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणून तर मी पण आले. माझाही ठसा आहे त्यात." मला वाटले, जमीन फाटावी आणि मी आत जावे.

दुपारी तीनला आम्ही ठाण्यात पोहोचलो. बंबाचे प्रमुख चहाचा कप घेऊन बाहेर आले. मावशींनी सगळे सांगितले. त्यांनी कप खाली ठेवला. "खोलायला किती वेळ?"

"तीन तास," पैलवान म्हणाला आणि पाने काढायला वाकला. तेवढ्यात घंटा झाली.

पुठ्ठ्याचे गोदाम पेटले होते. शेजारचा बंब दुसऱ्या गावाहून यायला पाऊण तास. प्रमुखांनी बंबाकडे पाहिले, मग मावशींकडे. "चालेल का हा?"

"सांगता येत नाही," मावशी म्हणाल्या. मित्रांनो, आयुष्यभर मी हो किंवा नाही म्हणत आलो. त्या दिवशी माझ्यामुळे मावशींना ते दोन्ही म्हणता येईना.

"मी येतो बरोबर," पैलवान म्हणाला. "बुशवर हात ठेवून बसतो. तापला की सांगतो. सांगेन तेव्हा पंप हळू करायचा."

बंब निघाला, मागोमाग जीप. गोदामाच्या अलीकडच्या भिंतीला लागून घरांची ओळ होती. लोक गाद्या, भांडी, शिलाई मशीन बाहेर काढत होते. पाइप सुटले, पंप सुरू झाला. पैलवान पंपाशेजारी गुडघे टेकून बसला, तळहात बुशच्या जागेवर. मावशी ओले फडके लावत होत्या. दहा मिनिटे. वीस मिनिटे. फडक्यातून वाफ येऊ लागली.

"हळू करा," पैलवान ओरडला. पाण्याची धार खाली आली आणि आग भिंतीवरून डोकावली. कुणीतरी शिवी दिली. प्रमुख धावत आले. "वाढव. ती ओळ जाईल."

"वाढवला तर कायमचा थांबेल. दोन मिनिटं द्या."

प्रमुखांनी दोन मिनिटे दिली. तेवढ्यात पहिल्या घराची खिडकी पेटली. मग पंप पुन्हा वाढला, पुन्हा हळू झाला, पुन्हा वाढला. पैलवानाने तळहात काढला नाही. फक्त दोनदा हात बदलला. तिसाव्या मिनिटाला आतून कुरकुर ऐकू आली. तो आवाज मी ओळखला, दांडा बुशला धरू लागला होता. पैलवानाने प्रमुखांकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. पंप बंद करावा लागला. पाइप लोंबकळला.

पुढची सहा मिनिटे मी कधी विसरणार नाही. माणसे बादल्या घेऊन धावत होती, मावशीही धावत होत्या. मग रस्त्याच्या टोकाला दुसरा बंब दिसला. ओळीतले पहिले घर गेले, बाकीची वाचली. माणूस एकही गेला नाही. त्या घरातली बाई अंगणात बसून होती. मावशी तिच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पंप आमच्यामुळे थांबला." मग मावशी तिथेच तिच्याजवळ बसून राहिल्या. पुढे मालकांनी ते घर बांधून दिले. छप्पर चढवायला पैलवान गेला, दोन्ही हातांना पट्ट्या असताना.

खरेदी साहेबांनी माझ्यावर लाल चिठ्ठी बांधून मला त्यांच्या कपाटात ठेवले, पुरावा म्हणून. आमचे काम निम्म्यावर आणले. कारखाना आठवड्याला चार दिवस चालू लागला, पण एकालाही काढले नाही आणि एकही सोडून गेला नाही. शहरात असते तर पांगले असते. सातव्या महिन्यात साहेब स्वतः आले, मला परत घेऊन आणि पूर्ण काम घेऊन. म्हणाले, "बंदराजवळच्या लोकांची चूक मला शोधावी लागते. तुम्ही ती फोन करून सांगता. मला परवडतं ते हेच."

आता शेवटचे सांगतो. मालकांना मला काचेच्या पेटीत ठेवायचे होते, आजोबांची आठवण म्हणून. मला ते फार आवडले होते. नवा गेज पैलवानाने घडवला आहे, आता मी नुसता आराम करायचा होता. मावशींनी ऐकले नाही. "काचेत ठेवलं की लोक हात जोडतात, तपासत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि एखाद्या दिवशी घाईत कुणीतरी पेटी उघडून यालाच वापरेल."

मित्रांनो, मी हे सांगतोय ते शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेल्या अवस्थेत. मावशींनी माझ्यावर खडूने खूण केली आहे आणि कापायचा ग्राइंडर सुरू केला आहे. मला भीती वाटते आहे. पण तुमच्या घरात, शाळेत, कामात जे कुणी सगळ्यात भरवशाचे असेल ना, त्याच्याकडे अधूनमधून नीट बघत जा. तो कधी झिजला, हे त्याला स्वतःला कळत नाही. मला कळले नव्हते. मावशींचे डोळे भरले आहेत, पण हात स्थिर आहे. माझे दोन तुकडे होतील, आणि मग मी कुणालाही चुकीचे हो म्हणू शकणार नाही.