मामांच्या मनातलं

मालकासमोर शेताचं कौतुक करायचं नाही, ही मामांची पंचवीस वर्षांची रीत. जमीन खंडाने कसणारा चार गोड शब्द बोलला, की मालकाचे डोळे फिरलेच म्हणून समजा. त्यामुळे ओढ्याकाठच्या तुकड्यात मुठीएवढे बटाटे निघत असतानाही मामा मालकापुढे रडगाणं लावायचे, "पाणथळ आहे हो, नुसता वैताग!" खरं काय ते फक्त मामींना ठाऊक.

आणि पुढे भाचीला. ती संगणकाचे प्रोग्रॅम बनवायची. शेतकऱ्याला निर्णय घ्यायला मदत होईल असं काहीतरी तिला करायचं होतं. पहिल्या खेपेला तिने आलेखांची आणि टक्क्यांची अशी आरास मांडली, की मामा म्हणाले, "पोरी, हे बघून होईस्तोवर बटाटे कुजतील." मग ती शहाणी पोर वही घेऊन दोन हंगाम त्यांच्यामागे बांधावरून हिंडली. मामा माती मुठीत दाबायचे. गोळा बोटाने फुटला तर नांगर, नाही तर सरळ घरी. तिने तेच पडद्यावर आणलं. "गोळा फुटला?" हो, नाही, फुटल्यासारखा. त्या तिसऱ्या बटणावर मामा खूश झाले. खाली एक रिकामी चौकट होती, "मनातलं" नावाची. तिथे त्यांनी खरं ते लिहिलं: ओढ्याकाठचा तुकडा म्हणजे सोनं.

लागवडीच्या तोंडावर मालकाचा निरोप आला, ओढ्याकाठचा तुकडा सोडा, यंदापासून माझा पुतण्या करील. मामा भेटायला गेले आणि सवयीने रडगाणं सुरू केलं. मालक हसला. "लिहिताना सोनं, आणि आमच्यापुढे पाणथळ होय?"

मामा तडक भाचीच्या ऑफिसात गेले.

"त्याला कसं कळलं?"

"मामा, प्रोग्रॅमचं काम त्यानेच दिलं होतं. नोंदी त्याला दिसतात."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून." ती टेबलाकडे बघत म्हणाली, "पण सांगितलं असतं, तर तू खरं लिहिलं असतंस का?"

मामांना बसावंसं वाटलं, पण ते बसले नाहीत. मालकाने फसवलं असतं, तर दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. मालक कधी आपला नव्हताच. हिला त्यांनी कडेवर घेऊन शेत दाखवलं होतं, आणि हिनेच केसाने गळा कापला.

"पुतण्याला जमायचं नाही ते," ते कसेबसे म्हणाले. "वरच्या कोपऱ्यात माती उशिरा वाळते. तिथे..."

"दोन दिवस थांबायचं," भाची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "प्रोग्रॅम सांगतो त्याला. सगळं तुझ्याच शब्दांत."

"बरं झालं," मामा म्हणाले. "मग आता मामाही त्या प्रोग्रॅमलाच म्हणत जा."

आणि ते जिना उतरून गेले.