इंदोरा ते थडीपवनी, समुद्रमार्गे

चाल १

कप्तान विक्कीनं जहाजं वाटली तेव्हा मेघाच्या वाट्याला एकही तोफ आली नाही.

"तू सामान पाहा."

"काहून? मी विमानवाहू जहाज मागितलं होतं."

"सामान सोपं असते यार. भरायचं, सोडायचं."

खेळ असा. पडद्यावर महासागर, दोन संघ, तीस दिवस. रोज संध्याकाळी आठच्या आत एक चाल पाठवायची. आठला दोन्हीकडच्या चाली एकदम उलगडतात. आपला पाच जणांचा संघ नागपूरचा, समोरचा पुण्याचा. नकाशाच्या अगदी टोकाला बेट क्रमांक नऊ आणि त्यावर आपले तीन हजार सैनिक. त्यांचं जेवण, इंधन, दारूगोळा, सगळं बोटीनं. दोन चाली उपाशी राहिले की बेट शरण जातं. बेट गेलं की सामना गेला.

"ठीक आहे," मेघा म्हणाली. "तीस दिवस बेट टिकवलं तर पुढच्या सामन्यात आरमार माझं."

"अन् नाही टिकवलं तर तुझी खुर्ची गौरांगची."

गौरांग म्हणजे विक्कीचा मावसभाऊ. दोन सामने राखीव बसून होता. तो लगेच मेघाच्या खुर्चीकडे बघायला लागला.

चाल २

आठही बोटी भरल्या, एकदम सोडल्या. तीन परत आल्या.

चाल ३, सकाळी, पोहे खाताना

"सगळ्या गाड्या एकाच गावाले, एकाच टायमाले सोडल्या तू?"

विचारणारे चंपतराव, मेघाचे वडील. एसटीच्या आगारात चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. एप्रिलमध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून घरात कोण किती वाजता निघतं आणि किती वाजता येतं याची नोंद ठेवत होते.

"बोटी आहेत बाबा त्या."

"चाकं नाहीत, एवढाच फरक. परतीचं डिझेल कुठी आहे?"

मेघानं परतीचा विचारच केला नव्हता. पाचपैकी दोन बोटी शत्रूनं नव्हे, रिकाम्या टाकीनं बुडवल्या होत्या.

चंपतरावांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून वेळापत्रक आखलं. दर तिसऱ्या चालीला एक बोट, परतीच्या डिझेलसह. बंदरात तोवर नव्या बोटी बांधायला टाकायच्या. वर लाल शाईत लिहिलं: थडीपवनी.

"हे काय?"

"बेटाचं नाव. आमच्या गाडीचं शेवटचं गाव. शेवटच्या गावाले नंबर देऊ नये वं. नंबर दिला की माणूस बिनधास्त फेरी रद्द करते."

नोंदवही, चंपतरावांच्या अक्षरात

चाल ६. सुटली: वेळेवर. पोचली: वेळेवर. शेरा: काही नाही.

चाल ९. सुटली: वेळेवर. पोचली: वेळेवर. शेरा: काही नाही.

चाल १२. सुटली: वेळेवर. पोचली: वेळेवर. शेरा: विक्की नावाच्या मुलाने फोनवर अभिनंदन केले.

चाल १५. सुटली: वेळेवर. पोचली: नाही. शेरा: बुडाली.

चाल १८. सुटली: वेळेवर. पोचली: नाही. शेरा: बुडाली.

चाल १८ नंतर

"बाबा, त्याइले आपलं टाइमटेबल पाठ झालं."

विमानं एक चाल उडाली की पुढच्या चालीला दुरुस्तीत जातात, असा खेळाचा नियम; सामन्यात एकदाच ती दुरुस्ती एक चाल पुढे ढकलता येते. पुण्याची विमानं दोन चाली आराम करायची आणि तिसऱ्या चालीला ताजीतवानी होऊन वाटेवर उभी राहायची.

चंपतरावांनी नोंदवही पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "चौतीस वर्षं मी टाइमटेबल फळ्यावर लावलं. एका पॅसेंजरले पाठ नाही झालं. रोज येऊन विचारत, गाडी कधी आहे जी. अन् या पोराइनं तीन फेऱ्यांत पाठ केलं!"

त्यांच्या आवाजात राग कमी आणि समाधान जास्त होतं. मेघाला ते अजिबात आवडलं नाही.

"आता लेट सोडा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

कोणी ऐकू नये म्हणून चंपतरावांनी दार लोटून घेतलं.

चाल १९ ते २२

त्यांनी खरंच उशीर केला. बुडालेल्या अठराव्या फेरीची बदली बोट एक चाल उशिरा, एकविसाव्या फेरीची एक चाल उशिरा, पुढच्या दोन फेऱ्या दोन-दोन चाली उशिरा. कॅलेंडरच्या नव्या पानावर उशिराचंही वेळापत्रक तयार झालं, दोन रंगांत. एकोणिसाव्या चालीची बोट पोचली, बाविसाव्या चालीची बुडाली.

"उशीरही तुम्ही शिस्तीत करता," मेघा म्हणाली.

तीन बोटी उरल्या. बेटावर दोन चालींचं धान्य.

त्या वेळी मेघाची आई जयवंता कामठीला बहिणीकडे जायची पिशवी भरत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "कामठीच्या ऑटोसारखं करा ना. भरला की निघते. कधी भरते, ड्रायव्हरलेही माहीत नसते."

"तुले काय माहीत?"

"मी ऑटोनंच जाते ना."

"एसटीनं जाते तू."

"कधीच नाही गेली जी. लग्न झालं तेव्हापासून ऑटो."

चंपतराव खुर्चीवर बसले. आगाराबाहेर उभं राहून प्रवासी पळवणाऱ्या गाड्यांविरुद्ध त्यांनी जन्मभर तक्रारी लिहिल्या होत्या, आणि त्या प्रत्येक तक्रारीच्या दिवशी डबा जयवंतानं भरून दिला होता.

"पाससुद्धा काढून देत होतो मी तुले."

"ठेवले आहेत सगळे. साड्यांच्या खाली."

चाल २३, इंदोरा चौक

मेट्रोच्या खांबाखाली कामठीचे ऑटो लागतात. सहा सीटा भरल्या की सुटतात. चंपतराव सात वाजता टपरीवर चहा घेऊन उभे राहिले. ठरलं होतं असं: साडेसातच्या आत समोरचा ऑटो भरला तर बोट सुटणार, नाही भरला तर नाही. म्हणजे बोट कधी सुटणार हे पुण्याला कळणार नाही, विक्कीला कळणार नाही, मेघालाही कळणार नाही. कामठीच्या लोकांच्या मनावर.

ऑटोवाला खाली उतरला. "जय भीम साहेब! ओळखलं काय? देवराव. तुमच्या आगाराबाहेर काळी-पिवळी जीप लावत होतो. तुम्ही माह्या तीन तक्रारी केल्या."

"चार," चंपतराव म्हणाले.

"चला, बसा. कामठी?"

"नाही, नुसता पाहून राहिलो."

देवरावनं त्यांच्याकडे जरा संशयानंच बघितलं.

सात बावीसला सहावा माणूस चढला. चंपतरावांनी फोन लावला. "भरली. सोड."

नोंदवही

चाल २३. भरली. पोचली. परत आली.

चाल २४. चार सीटा. सोडली नाही.

चाल २५. भरली. पोचली. परत आली. शेरा: काल शत्रूची विमाने उगाच हिंडून दमली.

चाल २६. पाच सीटा. सोडली नाही.

चाल २७. तीन सीटा. कामठीत काही आहे काय, चौकशी करणे.

चाल २८. पाच सीटा. सोडायची नव्हती. मेघाने सोडली. एकदम दोन बोटी. दोन्ही बुडाल्या.

चाल २८ नंतर

"मले भीती वाटली बाबा. धान्य संपत आलं होतं."

"ते पुण्याच्या पोराइनं पण मोजलं असन."

"हो."

ओरडण्यासारखं बरंच होतं. चंपतरावांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. एक बोट उरली होती, एकदा भरण्यापुरतं सामान होतं.

चाल २९

दोन सीटा. सोडली नाही. बेट एक चाल उपाशी.

चाल ३०, फोनवर

"बाबा, सात पंचवीस झाले."

"पाच बसले. एक बाकी."

"आज भरो न भरो, सोडणारच आहे मी. नाहीतर बेट गेलं, खुर्ची गेली."

"अठ्ठावीसले काय झालं?"

"बाबा!"

"नियम म्हणजे नियम. थांब दोन मिनिटं."

"विक्की बाजूले उभा आहे. गौरांगनं तर पाण्याची बाटली आणून ठेवली माह्या टेबलावर. त्याची!"

मागे देवराव ओरडत होता, "कामठी एक सीट! चला, एकच सीट!" चौकातल्या कोणालाच त्या संध्याकाळी कामठीला जायचं नव्हतं.

"सात अठ्ठावीस, बाबा."

फोनवर काही वेळ नुसता चौकाचा आवाज. मग ग्लास ठेवल्याचा. मग देवरावचा, एकदम वरच्या पट्टीत: "अरे बाप्पा! साहेब, तुम्ही?"

"सरक जरा," चंपतराव म्हणाले. मग फोनमध्ये, "भरली. सोड."

चाल ३०, रस्त्यावर

चंपतराव पुढे, देवरावला चिकटून, एक पाय आत आणि एक जवळजवळ बाहेर. कामठीला त्यांचं काहीही काम नव्हतं. मागे पाच जण, त्यात मांडीवर फुलकोबीची पिशवी घेतलेली एक बाई. ऑटोमोटिव्ह चौक गेला. सात पन्नास झाले, मग सात अठ्ठावन्न. त्यांनी फोन मुठीत असा धरला होता की देवरावनं विचारलं, "घरी कोणी आजारी आहे काय जी?"

आठला काही वाजलं नाही. आठ वाजून एक मिनिटानं फोन वाजला, आणि मेघाचा आवाज मागच्या सीटपर्यंत गेला.

"पोचली! बाबा, पोचली! काल ते दुरुस्ती पुढे ढकलून दिवसभर वाट पाहत उडले, आज सगळी विमानं दुरुस्तीत! बेट आपलंच! विक्की म्हणते, आरमार तुझं. गौरांग बाटली घेऊन गेला!"

चंपतरावांनी "पोचली!" असं ओरडून देवरावच्या पाठीत एक धपका दिला. ऑटो थोडा वाकडा गेला, सरळ झाला.

"कोण पोचलं जी?" मागच्या बाईनं विचारलं.

"सामान. आमची तीन हजार माणसं अडकली होती. कालपासून पोटात काही नाही."

"अरे बाप्पा, तीन हजार!" बाई पुढे वाकली. "मग ती पोरगी फोनवर बोलत काहून बसली? सांगा तिले, पहिले त्याइले जेवू घाल म्हणा."

"मेघा," चंपतराव फोनमध्ये म्हणाले, "ठेव आता. पहिले त्याइले जेवू घाल."