गेटपास अडले तो दिवस

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो. माझ्या पोटातल्या सुया शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर अक्षर उमटते. कारखान्यातून निघालो तो थेट एका मोठ्या गोदामात आलो. फाटकाजवळच्या खोलीत बसून गाड्यांना बाहेर सोडण्याचे गेटपास छापायचे, हे माझे काम. माझी करकर कानी पडली की ड्रायव्हर खुशीत उठत. "म्हातारा बोलायला लागला," म्हणत. खिडकीवरचा कारकून मऊ स्वभावाचा होता. त्याला सगळे भाऊ म्हणत.

आमच्या संगणकावर प्रत्येक छपाई ती पाठवणाऱ्याच्या नावावर चढते. ज्याची त्यानेच ती थांबवायची किंवा काढून टाकायची. सर्वांच्या छपाया हलवण्याचा अधिकार फक्त संगणक विभागातल्या बाईंना होता.

एका रणरणत्या दुपारी गोदामाच्या साहेबांनी आपला जाडजूड अहवाल चुकून माझ्याकडे पाठवला. त्याला रुंद कागद हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता. पडद्यावर 'कागद बदला' असे आले आणि मी गप्प झालो. मागचे सगळे गेटपास खोळंबले. भाऊंनी साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, माझ्या छपाईला हात लावलास तर घरी बसवीन. मग भाऊंनी बाईंकडे निरोप धाडला.

बाहेर कोंबडीच्या पिल्लांनी भरलेली गाडी उन्हात उभी होती. तिच्या ड्रायव्हरला पैलवान म्हणत. त्याने मेलेली पिल्ले ओंजळीत आणून खिडकीत ठेवली.

"पास दे."

"पुढे साहेबांची छपाई अडकलीय. माझ्या हातात नाही."

"मशीन तुझ्यापुढे, आणि तुझ्या हातात नाही?"

तो गेला आणि जॅकचा दांडा घेऊन परत आला. पहिल्या घावात काच फुटली. त्याने भाऊंना गळपट्टी धरून काचांवरून बाहेर ओढले आणि दांडा त्यांच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढचा घाव फुटक्या खिडकीतून माझ्यावर बसला. माझे झाकण दुभंगले, फीत बाहेर आली आणि मी फरशीवर आदळलो.

तेवढ्यात पहारेकरी धावले. त्यांनी पैलवानाला काठ्यांनी खाली पाडले. तो पडला तरी ते थांबेनात. बुटांनी त्याच्या तोंडावर, बरगड्यांवर लाथा घालत राहिले. त्याच्या डोळ्यातून रक्त वाहू लागले. तेव्हा भाऊ मोडका हात पोटाशी धरून सरपटत गेले आणि त्याच्या अंगावर आडवे पडले.

"पुरे करा. मरेल तो."

एक लाथ त्यांच्याही पाठीत बसली. मग सगळे थबकले.

बाई धापा टाकत आल्या. त्यांनी मला तिथेच फरशीवर सरळ केले, फीत बसवली, साहेबांची छपाई रोखून धरली आणि गेटपास सोडले. वाकलेल्या सुयांनी मी छापू लागलो. अक्षरे अर्धी उमटत होती, पण वाचता येत होती.

पोलिसांपाठोपाठ साहेब आले. सगळा कारकुनाचा हलगर्जीपणा, असे ते सांगू लागले. बाईंनी पडदा फौजदारांकडे वळवला.

"अडकलेली छपाई कोणाच्या नावावर आहे, ते तुम्हीच वाचा."

फौजदारांनी ते नाव मोठ्याने वाचले. ते साहेबांचे होते.

पैलवानाचा पास निघाला तेव्हा त्याच्या हातात बेड्या होत्या. भाऊंनी डाव्या हाताने तो फाडून घेतला आणि दुसऱ्या ड्रायव्हरला दिला. "याची गाडी आधी काढ. आत अजून काही जिवंत असतील."

पैलवान तोंड फिरवून रडू लागला.

भाऊंचा हात पुन्हा सरळ झाला नाही. पैलवानाचा एक डोळा गेला. मी आता अडगळीत पडून आहे, आणि त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. मित्रांनो, यंत्र फुटले तर दुसरे आणता येते. खिडकीत बसलेल्या माणसावर हात उगारण्याआधी मात्र घटकाभर थांबा, आणि अडलेले काम खरोखर कोणाचे आहे, तेवढे विचारा. त्या दुपारी घाव बसण्याआधी हे कोणीच विचारले नाही.